रेघेतली फट

पैसेवाल्यांच्या फ्लॅटमध्ये लाकडी फ्लोअरिंग बसवायचं आणि उरलेल्या पट्ट्या स्कूटरला बांधून कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या घरी आणायच्या, हा येसाजीअण्णांचा तीस वर्षांचा शिरस्ता. परसात पत्र्याखाली त्यांची स्क्रोल सॉ होती, नक्षी कापायची करवत. दोऱ्याएवढं पातं, शिलाई मशीनसारखं टकटकणारं. तिच्यावर ते उरलेल्या सागवानातून नावाच्या पाट्या कापत. पुण्या-मुंबईहून आलेल्या आयटीवाल्यांना दारावर मराठी नाव लागतं. आत इंग्रजी चालतं.

अडचण एवढीच, की येसाजीअण्णांना मराठी वाचता येत नसे. त्यांच्या घरात साडेतीनशे वर्षं मराठी बोलली गेली; शाळा मात्र कानडी. अक्षरं काढून द्यायची त्यांची बायको मथुराअक्का, मिरजेची. ती कागदावर नाव रेखायची, अण्णा तो लाकडावर चिकटवून रेघेबरहुकूम कापायचे. केसभरसुद्धा इकडंतिकडं नाही.

त्यांच्या स्वतःच्या दारावर कानडीत ‘येसाजी’ एवढंच होतं.

“आमची पाटी कधी?” अक्का विचारायची. मी वरच्या खोलीत भाडेकरू. दर महिन्याला हा संवाद फुकट ऐकू यायचा.

“उरलं की तुझीच. सरी, बरं का?”

“पंचवीस वर्षांत काही उरलंच नाही होय?”

“स्वल्प कमी पडतंय बघ.”

“आणि माझं मराठीतच करा. तुमची कानडी अक्षरं सुटी सुटी. आमची कशी, एका रेघेला सगळी धरून. बाकीच्यांसारखी मागं फळी नका लावू. भिंत दिसू दे मधनं.”

साऱ्या धंद्याचं भांडवल म्हणजे उरलेलं लाकूड, आणि तिच्यापुरतं तेवढं कधी उरलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या किडन्यांनी हात टेकले. दवाखान्यात तिनं एका रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आपलं नाव काढून दिलं. तीन आठवड्यांनी ती गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झाली. संध्याकाळी अण्णांनी मला हाक मारली. दारावर सागवानी पाटी होती, एकसंध, मागं फळी नसलेली.

“वाचा बघू.”

पाटीवर ‘मयुरा’ होतं. थ च्या डोक्यावर जी फट असते, तिच्यावरून रेघ सरळ गेली होती.

“मथुरा,” मी म्हणालो.

“तिनं काढताना हात थरथरला होता हो. रेघ मधेच सुटली होती. तशी कापली असती तर नावाचे दोन तुकडे झाले असते. म्हणून मी जोडून घेतली.” तिच्या रेघेत त्यांनी आयुष्यात केलेली ही पहिली दुरुस्ती. ती चुकलीय हे दाखवून देणारी एकच व्यक्ती त्या घरात होती, आणि पाटी तिच्याच नावाची होती.

मी मान डोलावली आणि जिना चढून वर आलो. याला सभ्यपणा म्हणायची पद्धत आहे.

महिनाभरानं समोरच्या घरात नागपूरची शिवानी राहायला आली. पहिल्याच रविवारी वाटीभर चिवडा घेऊन ती अण्णांच्या दारात उभी.

“काका, मयुरा काकू आहेत का घरी?”

अण्णा जिना चढून वर आले. धापा टाकत म्हणाले, “ती पोरगी काय वाचतेय?”

मग मला सांगावंच लागलं. थ ची ती फट चूक नसते. ती बुजवली की य होतो.

त्यांनी खाली जाऊन पाटी उतरवली, रिपोर्टचा कागद शेजारी ठेवला, मशीन लावली. दोन मिनिटांचं काम. म सुटून त्यांच्या हातात पडला. तो मुठीत धरून ते दाराशी गेले. मग दोन्ही तुकडे दारावर ठोकले, मधे कागदावर होती तेवढीच जागा सोडून.

“आता वाचा.”

“मथुरा.”

“तुम्ही त्या दिवशीपण हेच म्हणाला होता,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी समोर हाक मारली, “अगं शिवानी, जरा ये इकडं. हे वाच.”

शिवानीनं वाचलं, “मथुरा. अय्या, आधी मी चुकीचं वाचलं वाटतं. सॉरी हं काका.”

अण्णांनी फटीवरून बोट फिरवलं.

“म्हणजे हात थरथरला नव्हता तिचा.”