माझी पाळी

माझी बदली उत्तरेकडील एका छावणीतील इंजिनिअर कंपनीत झाली, तेव्हा मी हवालदार होतो. हजर झालो त्याच आठवड्यात माझ्या सेक्शनला गोल्फच्या मैदानावरील गवत कापण्याचे काम लावण्यात आले. मी त्याच दिवशी लेखी अर्ज दिला. लढाऊ जवानांना हे काम कोणत्या आदेशान्वये दिले, तो आदेश दाखवावा, अशी माझी मागणी होती. असा आदेश नव्हताच. कमांडिंग ऑफिसरांनी मला बोलावले, अर्ज मान्य केला आणि विचारले, "रविवारी जवानांनी तिथे खेळलेले चालेल का, की त्यालाही तुझी हरकत आहे?" हरकत घेण्यासारखा नियम मला सापडला नाही. अशा रीतीने मी गवतातून सुटलो आणि चेंडूत अडकलो.

हा साहेबलोकांचा खेळ आहे, असे मी आता राहतो त्या सेलूत मला आजही ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांपैकी एकानेही काठी हातात धरलेली नाही. त्यांना मी कळवू इच्छितो की तो खेळ मला सोनपेठच्या एका शेतमजुराच्या मुलाने शिकवला.

तो मुलगा म्हणजे नायक खिल्लारे, हुद्द्याने माझ्याखालचा, माझ्याच सेक्शनमध्ये होता. मी वालूरचा, म्हणजे त्याच्याच जिल्ह्यातला, म्हणून तो मला दादा म्हणत असे. परेडवर मात्र कधीच नाही. त्याची पद्धत ठरलेली होती. तो आधी चेंडूच्या मागे उभा राही आणि झेंडा पाही. मग चेंडूच्या पुढे हातभर अंतरावरची एखादी खूण निवडी, वाळलेले पान किंवा मातीचा खड्डा. झेंडा दूर असतो, खूण जवळ असते; काठीचे तोंड खुणेकडे ठेवायचे. नंतर पाय लावणे, श्वास सोडणे, एकदाच वर पाहणे आणि फटका. मध्ये कोणी खोकले, कावळा ओरडला किंवा स्वतःच्याच मनात दुसरा विचार आला, तर तो काठी खाली घेई आणि पुन्हा चेंडूच्या मागे जाऊन पहिल्यापासून सुरुवात करी. लोक हसत. एकदा त्याने एका फटक्यासाठी चार वेळा सुरुवात केली होती.

माझा दोष वेगळा होता. एक चेंडू झुडपात गेला की पुढचे तीन मी त्या रागातच मारत असे.

"दादा, मागल्या चेंडूवर खटला भरा की," तो म्हणाला, "पन पुढच्याला कशाला आरोपी करायलात?"

मी त्याला गप्प बसायला सांगितले. तो हसत गप्प बसला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही सीमेजवळच्या पुढच्या भागात होतो. बर्फ वितळले की जुने सुरुंग उतारावरून सरकतात आणि नकाशा निरुपयोगी होतो. दुपारी १३.४० वाजता पायदळाच्या गस्तीतील एका शिपायाचा पाय सुरुंगावर पडला. तो जिवंत होता. आमच्यापासून त्याच्यापर्यंत बावीस मीटर जमीन होती आणि ती हाताने तपासत जाणे भाग होते. काम असे असते: पोटावर पडायचे, टोकदार सळई तिरकी धरून जमिनीत हळूच घालायची, काही लागले नाही तर बोटभर पुढे. एका माणसाने वीस मिनिटे, मग दुसऱ्याने. पहिली पाळी खिल्लारेची, दुसरी माझी.

रेडिओवर मागचे ठाणे होते; उत्तरे मी देत होतो.

"कितना बाकी? ओव्हर."

"सोलह मीटर. ओव्हर."

"इतना स्लो क्यों? आदमी का खून बह रहा है. ओव्हर."

प्रत्येक संदेशानंतर खिल्लारे सळई बाहेर काढी, श्वास सोडी आणि वाटेच्या डाव्या कडेपासून पुन्हा सुरू करी. त्याच्या पाळीत त्याला एक सुरुंग सापडला. त्याने तो निकामी केला.

माझी पाळी सुरू झाली, तेव्हा मी त्या रेडिओवरच्या आवाजाला मनातल्या मनात उत्तर लिहीत होतो. मुद्दे सुचत होते. सळई चालूच होती.

"दादा, हात मागं घ्या." खिल्लारे मागून म्हणाला.

मी हात मागे घेतला.

"उठा तुमी. मी करतो."

"तुझी पाळी झाली आहे. हा नियम आहे."

"नियम मलाबी ठावं हाय. तुमी रागात हाव, दादा. पलीकडं पोरगं पडलंय."

मी सेक्शन कमांडर होतो. नकार देणे माझ्या अधिकारात होते. मी उठलो आणि त्याला जागा दिली.

माझी सळई जिथे थांबली होती, तिथून पुढे चार बोटांवर त्याला दुसरा सुरुंग सापडला.

१५.२५ वाजता आम्ही त्या शिपायापर्यंत पोहोचलो. १५.५० ला स्ट्रेचर बाहेर आले. माझ्या जागी काम संपवणारा खिल्लारे सर्वांत शेवटी, तपासलेल्या वाटेची पांढरी फीत गुंडाळत येत होता. १५.५८ ला वरचा ओला चिखल घसरला आणि त्याबरोबर एक सुरुंग तपासलेल्या वाटेत आला. त्याच्या स्फोटात खिल्लारे गेला.

चौकशी अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य होते: नायकाच्या अनावश्यक दिरंगाईमुळे पथक धोक्यात जास्त वेळ राहिले. ते वाचून माझा जो संताप झाला, तो अद्याप शमलेला नाही. मात्र कागद पुढे घेऊन मी तासभर पेन उचलला नाही. संताप बाजूला झाल्यावर सात पानी निवेदन लिहिले. प्रत्येक वेळ, प्रत्येक मीटर, सुरुंग तपासणीच्या नियमांतील प्रत्येक कलम त्यात नोंदवले. ती पाळी माझी होती आणि रागामुळे मी ती पार पाडू शकलो नाही, हेही नोंदवले. ते वाक्य वगळण्यात आले. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्य होती.

निवृत्तीनंतर मी एसटीने सोनपेठला गेलो. त्याच्या आईने विचारले, "त्यो पाय गेलेला पोरगा जगला का?"

"जगला. त्याला दोन मुले आहेत."

मग मी तिला पाळीचे सांगितले. बोलताना माझी नजर खाली होती.

"तुमाला त्यानं उठीवलं?"

"हो."

"आन् तुमी उठलाव. हवालदार असून." ती म्हणाली. "त्याचं कोन ऐकत नव्हतं इथं. हे कागदावर लिहून द्या मला. त्याची लेक मोठी झाल्यावर वाचंल."

त्याची मुलगी यंदा दहावीला आहे. म्हणून लिहून देत आहे. नायक खिल्लारे, सोनपेठ, जिल्हा परभणी. दिरंगाई केली नाही. घाई केली नाही. माझ्या पाळीत गेला.