बाबांचं रडणं

आत जायच्या आधीच, सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघून बाबा म्हणाले, "एवढं काय आहे यात? मयतीहून आल्यासारखे येतायत सगळे."

होतं तसंच. ठाण्यातल्या त्या थिएटरच्या जिन्यावर एक बाई बसकण मारून रडत होती आणि तिचा नवरा पाण्याची बाटली उघडून नुसताच उभा होता. त्या गाण्यांच्या सिनेमाचं हेच चाललेलं. लोक रडायला जायचे आणि रडतानाचे व्हिडिओ टाकायचे. आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडत नव्हते. गाणी त्यांना आवडतात म्हणून मी त्यांना डोंबिवलीहून मुद्दाम आणलेलं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. आईच्या वेळीही डोळ्यांत पाणी नाही. स्मशानातून आले, आंघोळ केली आणि पंख्याचा आवाज का येतोय ते बघत बसले.

सिनेमात लग्नांमध्ये गाणारे बापलेक होते. शेवटी पुरात मुलगी छपरावर अडकते आणि आपण कुठे आहोत हे बापाला अंधारात कळावं म्हणून गात राहते. गाणं मध्येच तुटतं. थिएटरभर नुसते हुंदके. माझी ओढणी भिजली. शेजारी बाबाही रडत होते, आणि मला चक्क बरं वाटलं. म्हटलं, साचलेलं निघतंय एकदाचं.

दिवे लागले. लोक नाकं पुसत उठले, कुणी कुणी ओशाळून हसलंही. बाबा थांबले नाहीत. पलीकडच्या काकू म्हणाल्या, "रडू दे गं त्यांना, मन मोकळं होतं." बाहेर एका मुलीने मोबाइल समोर धरला. "अंकल, कसा वाटला?" बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आणखी मोठा हुंदका आला. तिचेही डोळे भरून आले.

रिक्षात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं, मला वाईट वाटत नाहीये," ते हुंदके देत म्हणाले. "सिनेमा ठीक होता. हे थांबत का नाही?"

माझ्या घरी येऊन चहा घेतल्यावर थांबलं. मग वॉचमन उद्या पाणी येणार नाही म्हणून सांगायला आला, आणि त्याच्यासमोर बाबा पुन्हा ढसाढसा रडायला लागले. तो बिचारा घाबरून जिना उतरला.

सकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला. "हे तुझे बाबा ना? किती गोड!" खाली लाल बदामांची रांग. मी तो आवाज बंद करून पाहिला आणि तेव्हा दिसलं. रडताना बाबांच्या तोंडाची उजवी बाजू वाकडी होत होती. डावी हलतच नव्हती.

मी आतल्या खोलीत गेले. बाबा शर्टाचं एकच बटण लावत उभे होते. ते काही काजात जात नव्हतं.

डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, मेंदूत छोटे छोटे झटके येऊन गेलेत, सिनेमाच्या कितीतरी आधीपासून. रडण्यावरचा ताबा सुटतो, मनात दुःख असेलच असं नाही.

"पुन्हा येईल झटका?" मी विचारलं.

"येऊ शकतो. तुम्ही वेळेत आणलंत, एवढंच आज सांगतो."

आता बाबा माझ्याकडेच असतात. गोळ्यांनी फरक पडलाय, बटणं लागतात. मोठा झटका आलेला नाही, अजून. त्या व्हिडिओखाली लोक अजूनही लिहितात, बापाचं काळीज असं असतं म्हणून. मी हल्ली कुणीही रडलं तरी आधी त्याचं तोंड दोन्हीकडून हलतंय का ते बघते.

परवा मी दूध तापत ठेवलेलं आणि टेबलाशी बाबा रडायला लागले. मी धावत त्यांच्यासमोर जाऊन बसले, चेहरा निरखू लागले. गालांवरून धारा लागलेल्या असतानाच ते वर्गात बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "मला काही झालेलं नाही. तू जा, दूध उतू जातंय."