आपांची डुलकी

आपांना कंटाळा आला की झोप यायची. विषय बदलणं, काम आठवल्याचं सोंग करणं, उगाच हं हं करत बसणं, हे तुमच्या-माझ्यासारख्यांचे उपाय. आपांना ते कधी जमलंच नाही. समोर कोणीही असो, त्याच्या बोलण्यात दम नसला की त्यांच्या हातातली सुई थांबायची, मान हळूहळू पुढे यायची, आणि हनुवटी मांडीवरच्या साडीला टेकली की समजायचं, सभा बरखास्त. एकदा विम्याचा एजंट आला होता. गळ्यात टाय, तोंडात साखर. त्यानं भविष्याची तरतूद, कुटुंबाची सुरक्षितता असं सुरू केलं, आणि बोनसपर्यंत पोचायच्या आत आपा घोरायला लागल्या. बिचारा चपला हातात घेऊन पाय न वाजवता निघून गेला.

बल्लारपूरला पेपर मिलच्या वस्तीत आपांचं छोटं घर. पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं दुकान, मागच्या खोलीत मी भाडेकरू. त्यांचे यजमान मिलमध्ये होते, ते वारले. मुलगा दूर नोकरीला. मी एटापल्लीकडची, धान पिकवणाऱ्या घरातली थोरली मुलगी. बी.बी.ए. शिकायला आले होते. कॉलेजसाठी एवढ्या लांब येणारी आमच्या घरातली मी पहिलीच. गल्लीतली सगळी पोरं-बाया त्यांना आपा म्हणायची, म्हणून मीही.

बी.बी.ए.ला शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागतो आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना तो तोंडी समजावून सांगावा लागतो. बाकीचे सगळे पेपर मी काढले आणि या तोंडी परीक्षेत सपशेल आपटले. त्याचं मूळ पहिल्या वर्षात होतं. तेव्हा वर्गात मी उभी राहून "मले समजलं नाई" म्हणाले होते आणि मागच्या बाकांवर हशा पिकला होता. हसणारी पोरं घरी काय वेगळं बोलत होती? पण वर्गात दुसऱ्याला हसायला काय जातंय! तेव्हापासून मी ठरवून टाकलं, तोंड उघडायचं तर पुस्तकातल्याच भाषेत. प्रकल्पही शब्दन् शब्द पाठ केला. परीक्षकांसमोर मधलाच एक शब्द निसटला आणि मी जी गप्प झाले ती झालेच. ते बघताहेत, मी बघतेय, वर पंखा गरगरतोय. शेवटी त्यांनीच "या तुम्ही" म्हटलं.

बाबांना फोन केला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "होते असं, बाई," ते म्हणाले. "पुढच्या खेपेले देजो. पण धाकटीचं कठीण होऊन बसलं बघ. घरचे आत्ताच म्हणून राह्यले, एकीले पाठवून पाह्यलं ना, आता बस झालं." धाकटी बारावीला होती. माझ्याहून हुशार, आणि ताईसारखंच कॉलेजला जायचं म्हणून घर डोक्यावर घेणारी. म्हणजे मी परत नापास झाले तर माझी पदवी तर जाणारच होती, तिचंही कॉलेज सुरू होण्याआधीच संपणार होतं. फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत येऊन आपांसमोर ढसाढसा रडले.

आपांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "काय म्हणायचं होतं तुले त्या साहेबाले? मले सांग." मी डोळे पुसून, ताठ बसून सुरुवात केली. माझा प्रकल्प मूल गावाकडच्या एका राइस मिलच्या खेळत्या भांडवलावर होता. "दैनंदिन व्यवसाय सुरळीत चालविण्याकरिता आवश्यक असणाऱ्या अल्पकालीन निधीस खेळते भांडवल असे संबोधले जाते..." मी डोळे मिटून म्हणत होते. उघडले तेव्हा आपांची हनुवटी कोणाच्या तरी लग्नाच्या शालूवर टेकली होती. असा संताप आला मला! इथे माझं आयुष्य पणाला लागलंय आणि या झोपल्या!

"आपा!" मी ओरडले. त्या दचकून उठल्या. "झोपल्या काऊन तुमी?"

"मी कुठी झोपली? तूनंच झोपवलं मले."

त्या दिवसापासून रोज दुपारी, चहा झाला की माझी हजेरी. हा शिकवणीचा प्रकार होता असं कोणी समजू नये. आपांना व्यापारशास्त्रातलं ओ का ठो कळत नव्हतं आणि समजून घ्यायची हौसही नव्हती. घसारा समजावताना मी एकदा त्यांच्याच शिलाई मशीनचं उदाहरण घेतलं. नवी घेतली तेव्हा जेवढ्याची होती तेवढी किंमत आता येणार नाही, दरवर्षी थोडी कमी होते, असं म्हणाले. तर त्या फणकारल्या, "माझ्या मशीनले नाव ठेवू नको. मले ते इकाचीच नाई, तं किंमत कमी कशी होईन?" मग माझ्याकडे पाठ करून मशीन पुसत बसल्या. पण झोपल्या नव्हत्या, हे मात्र माझ्या ध्यानात आलं.

हळूहळू मला त्या सुईवर नजर ठेवायची सवय लागली. पुस्तकातलं वाक्य आलं की सुई मंदावायची. दुसरं आलं की थांबायची. मग मी घाईघाईनं, जीभ वळेल तसं, गावी आईशी बोलते तसं सांगायला लागायचे आणि सुई परत चालू व्हायची. आपा मधूनच भलतेच प्रश्न विचारायच्या. "त्या मिलवाल्याची बायको काय करते?" मला काय माहीत! "मंग तू काय पाह्यलं तिथी जाऊन?" या प्रश्नावर मात्र मी प्रकल्पाची वही चाळून पाहिली. पाहिलं तर खूप होतं, प्रकल्पात ते कुठेच नव्हतं.

कौतुक त्यांनी कधी केलं नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, "आपा, पोरीले चांगलं तयार करून राह्यल्या तुमी." त्यावर उत्तर ठरलेलं. "मी काय करतो? मी तं बसल्या जागी झोपतो." आणि ते खरंच होतं. कित्येकदा मी मेहनतीनं सांगत असायचे आणि त्या नुसत्या उन्हानं पेंगुळलेल्या असायच्या. सगळ्याच डुलक्यांचा दोष माझ्याकडे नव्हता, पण आपा तसं कबूल करणाऱ्यातल्या नव्हत्या.

पुन्हा परीक्षेचा दिवस आला. आपांनी सकाळी भात आणि आंबाडीची भाजी समोर ठेवली. घास उतरेना तर दटावलं, "उपाशी पोटी आवाज निघत नाई." कॉलेजात माझा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर लागला. परीक्षक या वेळी दुसरे होते. वयस्कर, जाड चष्म्याचे, आणि सकाळपासून पोरांची पाठांतरं ऐकून पार आंबलेले. मी उभी राहिले आणि इतकं सगळं करूनही तोंडातून काय निघालं? "दैनंदिन व्यवसाय सुरळीत चालविण्याकरिता..." भीतीनं जुनीच घोकंपट्टी बाहेर आली. बोलता बोलता मी त्यांच्याकडे पाहिलं. हातातलं पेन थांबलं होतं. मान पुढे येत होती.

मला ती मान ओळखीची होती. असं हसू आलं म्हणून सांगू! आणि हसू आलं तशी भीती कुठल्या कुठे पळाली.

"सर," मी जरा मोठ्यानं म्हणाले, "आमच्याकडे धान दिवाळीच्या टायमाले येते. सगळं एकदम. मिलवाल्याले ते तेव्हाच घ्याव लागते, नाई तं दुसरा घेऊन जाते. पण तांदूळ खपते वर्षभर, हळूहळू. म्हंजे त्याचा पैसा पोत्यात भरून थप्पीले लागला, आन हमालाले मजुरी तं हप्त्याच्या हप्त्याले पाहिजे. ते कुठून द्याव? माझा प्रकल्प एवढाच हाय, सर."

आमच्या कॉलेजच्या सरांनी कपाळाला हात लावला. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खुर्चीत सरसावून बसले. "मग? कुठून देतो तो?" त्यांनी विचारलं. काही बँकेच्या कर्जातून, काही कोंडा विकून, मी सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. मिलच्या पायरीवर बसून मी काय काय पाहिलं होतं, कोंडा कोण नेतो, कनकीला, म्हणजे तुकडा तांदळाला, गिऱ्हाईक कोण, पावसाळ्यात थप्पीखाली काय अंथरतात, सगळं सगळं. मागं नंबराची वाट बघत बसलेल्या पोरांत कोणी हसलं की नाही मला माहीत नाही. मी वळून पाहिलंच नाही.

निकाल मोबाईलवर आला तेव्हा मी आपांच्या दुकानातच होते. उत्तीर्ण हा शब्द परत परत वाचला आणि मग जी बसले ती तिथंच फरशीवर. छातीवरून कोणी धानाचं पोतं उचलावं तसं वाटलं. आपांनी विचारलं, "पास?" मी मान हलवली. त्यांनी दोन्ही हात वर केले. "या अल्ला, सुटली मी! आता रोज रोज ऐकाव नाई लागन!" बाबांना फोन लावला. त्यांनी आधी आईला हाक मारून बातमी सांगितली. मग म्हणाले, "तं मंग, बाई, धाकटीसाठी ब्याग घेऊ का?"

मला गडचांदूरला एका ऑफिसात हिशेबाची नोकरी लागली आणि ज्या दिवशी मी खोली सोडली त्याच दिवशी बाबा धाकटीला घेऊन आले. नवी कोरी बॅग, केसांना चपचपीत तेल, आणि डोळ्यांत मावत नव्हता एवढा आनंद. तिचं सामान माझ्याच खोलीत लागलं. मला वाटलं, निघताना आपांना चार चांगले शब्द बोलावेत. मनात जुळवून ठेवले होते. त्यांच्यासमोर बसून मी सुरुवात केली, "आपा, माझ्या जडणघडणीत तुमचं जे मोलाचं स्थान आहे, त्याबद्दल मी सदैव ऋणी..."

सुई थांबली. मान पुढे आली. धाकटी तोंडावर हात धरून फिस्सकन हसली आणि बाबा बावरून माझ्याकडे बघायला लागले.

"आपा," मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, "मले तुमच्याबिगर करमणार नाई."

आपांनी डोळे उघडले. भरलेले होते. "मंग असं बोल ना," त्या म्हणाल्या. "मले तरी कुठी करमन?" आणि मांडीवरच्या साडीनं डोळे पुसले. गिऱ्हाइकाची साडी आहे हे लक्षात येताच ती घाईघाईनं झटकली, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि धाकटीकडे वळल्या.

"तू बैस इथी. पण ताईसारखं नको सुरू करू. मी लवकर झोपतो."