हिरव्या आकाशाखालचा वाघ
दाराला ऑइलपेंट देताना त्याचा वास आला आणि मलकापूरच्या जत्रेतलं बंदुकीने फुगे फोडायचं दुकान आठवलं. मी तेव्हा नववीत होते. दुकानदाराने फुग्यांमागच्या पत्र्यावर ऑइलपेंटने स्वतः जंगल रंगवलं होतं. त्यात हिरवं आकाश होतं, काळी झाडं होती आणि थेट आपल्याकडे पाहणारा वाघ होता. शेजारी ग्रामोफोनवर सारंगी वाजायची. बाकीचे नेम धरायचे; मी शाळा सुटली की नुसती पाहत, ऐकत उभी राहायचे. चित्रकलेच्या तासाला मी तेच जंगल काढलं, तर सर म्हणाले, “आकाश हिरवं असते काय? निळं कर.” मी म्हणाले, “नाही करत, सर. त्यानं असंच रंगवलं हाय.” “तो काय चित्रकार हाय? बंदूकवाला हाय तो!” “पण त्याच्या वाघाचं मले भेव लागते, सर. तुमच्या फळ्यावरच्या वाघाचं नाही लागत.” वर्ग हसला आणि सरांनी मला आठवडाभर व्हरांड्यात उभं केलं. तिथून समोरच्या मैदानातल्या जत्रेतली सारंगी छान ऐकू यायची, म्हणून मी एकदाही आत घ्या म्हटलं नाही. आज माझी साठी उलटली. त्या उत्तराची माफी मी मागितलेली नाही, मागणारही नाही.