न आलेल्यांचं पान

ताई गेल्याची बातमी मला आईने दिली. मी शहपुऱ्याच्या बँकेत होते, जेवणाची सुट्टी होती, डबा नुकताच उघडला होता. फोनवर आई एवढंच म्हणाली, "ताई गेल्या वं..." आणि रडायला लागली. वाईट मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आईला एवढं रडू काहून यावं, हे मला उमगलं नाही. आमच्या घराचा आणि ताईंचा संबंध तुटून सहा वर्षं झाली होती. तो मीच तोडला होता, आणि आईच्याच हातासाठी तोडला होता.

शांताताई उमाळे एकदा आमच्या वॉर्डाच्या पार्षद होत्या, म्हणजे नगरसेविका. त्याआधी आणि त्यानंतर नुसत्या ताई. सीट महिलांसाठी राखीव झाली तेव्हा उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. आमच्या जबलपुरात अशा वेळी बहुतेक ठिकाणी नाव बाईचं असतं आणि कारभार भैया बघतात. ताईंच्या दारात कोणी ठेकेदार आला की तोही तेच विचारायचा, "भैया जी कहाँ हैं?" उमाळेकाका गॅसवरून पातेलं उतरवत सांगायचे, "भैया चाय बना रहे हैं. काम की बात अंदर कीजिए."

आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. वडील सराफ्यात दागिन्यांना पॉलिश करायचे, आई घरी बसून विड्या वळायची. मी बी.ए. झाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले, आणि त्याचा अभिमान मला आजही आहे. ताई आल्या, पेढा खाल्ला आणि पिशवीतून एक जाड रजिस्टर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "चलो, आता तुझी बी.ए. कामी लावू." त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'बी.ए.' झाले.

दर रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर वस्तीची बैठक असायची. रजिस्टरात डाव्या पानावर आलेल्यांची नावं, सह्या, अंगठे. उजवं पान न आलेल्यांचं. त्यात दोन रकाने, नाव आणि कारण. बैठक संपली की ताई विचारायच्या, "काहून बी.ए., कोण नाही आलं?" मी नावं वाचायची, आणि मग आम्ही दोघी चपला घालून त्या त्या घरी जायचो, कारण विचारायला. मला ते सुरुवातीला वेडेपणाचं वाटलं. आलेले लोक ओसरीत मावत नव्हते, आणि या बाई न आलेल्यांच्या मागे. मी विचारलं तर म्हणाल्या, "आलेला माणूस आपलं आपण बोलतो. त्याला माझी काय गरज?"

एका म्हाताऱ्या बाईकडे गेलो. ती म्हणाली, मला कोणी बोलावलंच नाही. मी म्हटलं, असं कसं, मी तर तुमच्याच भिंतीवर कागद चिकटवला होता.  बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "भिंतीला वाचता येते का, बी.ए.?"

मग पाइपलाइन मंजूर झाली. तोपर्यंत सगळा वॉर्ड चौकातल्या टँकरवर जगत होता. घरांची यादी ताईंनी मला करायला सांगितली. प्रत्येक घराचे कागद बघून मी ती केली, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही. ताईंनी पूर्ण वाचली आणि विचारलं, "कोण नाही आलं?" मला कळेना. त्यांनी खिडकीतून नाल्याकडे बोट केलं. नाल्याच्या पलीकडे कुंडमकडच्या खेड्यांतून मजुरीला आलेल्या लोकांची घरं होती. कागद कोणाकडेच नव्हते, म्हणून माझ्या यादीत ते नव्हते. आणि ताईंनी ठरवलं की नळ तिकडूनच जोडायचे, शेवटच्या घरापासून मागे मागे येत. आमची गल्ली रस्त्याला लागून, म्हणजे आमचा नंबर शेवटी.

गल्ली पेटली. मी पण भांडले. ताई म्हणाल्या, "पंगतीत वाढणारा दारापासून सुरू करतो ना? कोपऱ्यापर्यंत येता येता बुंदीचा भुगा उरतो. मी कोपऱ्यात बसून मोठी झाली, मला माहीत आहे." मी म्हटलं, "आणि दारातल्यांनी उपाशी बसावं?"  

नळ आमच्यापर्यंत पोचायच्या आधी, दुसऱ्या उन्हाळ्यात आई टँकरजवळच्या चिखलात घसरली. उजवं मनगट मोडलं, वाकडं जुळलं, आणि विड्या वळणं कायमचं बंद झालं. ताई दवाखान्यात आल्या तेव्हा मी दारातच सांगितलं, "तुमच्या शेवटच्या घराला पाणी पाजा. आमच्या घरी पाय ठेवू नका." त्या परत गेल्या. पुढच्या पावसाळ्यात आमच्याकडे नळ आला. निवडणुकीत ताई हरल्या, आमच्याच गल्लीने हरवल्या. माझं मतही त्यांना नव्हतं. पण मनात एक गोष्ट टोचत राहिली. न आलेल्या प्रत्येकाच्या दारी जाणारी ही बाई माझ्याकडे एकदाही आली नाही. मग मी त्या पानावर तरी आहे, की माझं नाव काढूनच टाकलं?

तेरवीनंतर काही दिवसांनी उमाळेकाकांनी बोलावलं. चहा दिला आणि रजिस्टरं समोर ठेवली. "घेऊन जा बेटा. मला चष्म्यातूनही दिसत नाही." मी घरी येऊन आधी उजवी पानं उघडली. माझं नाव होतं. प्रत्येक रविवारी होतं, ताईंच्या अक्षरात. आणि कारणाच्या रकान्यात दर वेळी तेच, "आईचा हात. घरी यायला मनाई." सहा वर्षं. शेवटी शेवटी अक्षर हललेलं, पण शब्द तेच.

मग नजर डाव्या पानाकडे गेली. तिथे एक अंगठा होता, आणि पुढे नाव, कमल. माझी आई. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही. वर्षभराने अंगठ्याच्या जागी वाकडीतिकडी तीन अक्षरं आली, डाव्या हाताने काढल्यासारखी. रविवारी ती भजनाला जाते असं मला सांगून जायची. मीही कधी विचारलं नाही, कोणतं भजन.

आई भाजी निवडत होती. मी रजिस्टर तिच्यासमोर धरलं.

"तू जात होती?"

"हो."

"मला सांगितलं काहून नाही?"

"तू कधी विचारलं? हात माझा मोडला, अन् राग तूच करून राहिली होती."

"तुला राग नव्हता?"

"होता ना. म्हणूनच तर गेली. तोंडावर सांगितलं त्यायले, तुमच्यापायी माझा धंदा बुडाला. घरी बसून कोणाले कळते?"

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पुढच्या रविवारी पुन्हा सांग, सगळ्यांसमोर सांग. मी सांगत राहिली. मंग एक दिवस म्हणाल्या, कमल, अंगठा बास झाला, डाव्या हाताने लिही." आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "रागाची माणसं त्यायले लई आवडायची."

नळ कुठून जोडायला हवे होते, याचा निकाल माझ्याकडून अजून लागलेला नाही. आईचं मनगट बघितलं की एक वाटतं, नाल्यापलीकडच्या नळाखाली पोरं आंघोळ करताना बघितली की दुसरं. ताईंना पक्कं माहीत होतं का, हे आता कोणाला विचारू?

गेल्या रविवारी काकांच्या ओसरीवर पुन्हा बैठक झाली. लोक थोडेच होते. मी रजिस्टर घेऊन गेले आणि डाव्या पानावर, आईच्या नावाखाली, माझी सही केली. सगळे उठल्यावर आईने विचारलं, "कोण नाही आलं?" मी उजव्या पानावर दोन नावं लिहिली. पेन कारणाच्या रकान्यावर टेकवलं आणि थांबले. मला माहीत नव्हतं.

वर बघितलं तर आई पायरीवर उभी राहून चपला घालत होती.