रिव्हॉल्वर माझं, हात तिचा

आलापल्लीच्या पुढे, आत जंगलात, माझा लाकडाचा डेपो होता. पन्नास सालानंतरची गोष्ट. चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, आमच्याकडे यायला तेव्हा अख्खा दिवस जायचा. नवीन लग्न झालेलं, आणि बायको माझ्यासोबत डेपोवरच्या कुडाच्या घरात राहायची. ती गोंडपिपरीकडची, धानकऱ्यांच्या घरातली.

झाडांची तोड जिथं चालू असेल तिथं मला रोज सायकलनं जावं लागे. घरची बारा बोअर बंदूक सायकलवर धड बसत नसे, आणि मोहाची फुलं गळायला लागली की ती खायला आलेली अस्वलं वाटेवर भेटत. म्हणून मी रिव्हॉल्वरचा परवाना मागितला. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे चांद्याहून दौऱ्यावर येणारा एक जंगलखात्याचा अधिकारी. त्याच्या कमरेला लांब नळीचं रिव्हॉल्वर असायचं. तो आला की माझीच माणसं माझं बोलणं ऐकता ऐकता त्याच्या कमरेकडे पाहत राहायची. ते माझ्या फार जिव्हारी लागायचं.

परवाना मिळाल्यावर मी नागपूरला निघालो. बायकोची मावशी तिथं होती, म्हणून तीही आली. बंदुकांचा दुकानदार म्हातारा, सावकाश बोलणारा होता. त्यानं हिरव्या कापडावर तीन हत्यारं मांडली. एक लष्करी धाटणीचं, मोठं आणि जड. एक मधलं, अडतीस बोअरचं. आणि एक लहान, बत्तीसचं. मी सरळ मोठ्याला हात घातला.

दुकानदारानं समजावून सांगितलं की याचा चाप दोन रीतींनी चालतो. नुसता चाप ओढत नेला तर मागचा घोडा उचलण्याचं आणि सोडण्याचं, दोन्ही कामं एकट्या बोटाला करावी लागतात, म्हणून ओढ जड असते. आधी अंगठ्यानं घोडा चढवून ठेवला तर मग चाप अगदी हलका होतो. त्यानं आत खोटी काडतुसं भरली आणि भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरायला सांगितलं. मी ओढलं. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक दाणा, दर वेळी खिळ्याखाली घसरायची.

"बाईंनाही पाहू द्या की," दुकानदार म्हणाला. तो आदब म्हणून म्हणाला असेल. तिनं पदर खोचला, बत्तीसचं उचललं, हात लांब केला आणि चाप ओढला. माशी जागची हलली नाही. तिनं पुन्हा ओढला. तरीही नाही.

"बाईंचा हात बसला," तो म्हणाला.

घेणारा मी, परवाना माझा, आणि माझ्या हाताबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता. बायको हळूच म्हणाली, मोठ्याचा चाप तुमच्या बोटाले जड होऊन राह्यला, ते मधलं तरी धरून पाहा. मी मधल्याला हातही लावला नाही. मोठंच घेतलं.

डेपोमागं एक कोरडा नाला होता. तिथं दरडीला फुटके कवेलू, छपरावरची कौलं, उभे करून मी सराव करू लागलो. प्रत्येक बाराला मनगट वर उडे. अंगठा आणि बोटाच्या मधली कातडी सोलून निघाली, आणि कवेलू होते तसेच उभे राहिले. बायको थोड्या दिवसांनी म्हणाली, एक गोळी मले मारू द्या. मी हसून रिव्हॉल्वर दिलं. तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली. असं कोणी धरत नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं अंगठ्यानं घोडा चढवला, श्वास घेतला, आणि कवेलू फुटला. शेजारी आमचा मुकादम उभा होता. तो दरडीवर चढला आणि तिच्यासाठी नवे कवेलू मांडू लागला. माझ्यासाठी त्यानं ते कधी मांडले नव्हते.

त्या दिवसापासून मला दुसरं सुचेना. मी सकाळी लवकर एकटाच नाल्यावर जायचो. पण जंगलात बार लपत नाही. परतलो की तिला ठाऊक असे, आणि ती काही विचारत नसे. न विचारणं मला जास्त झोंबे. बाजारच्या दिवशी दुसऱ्या डेपोवरची माणसं आली की लाकडाचं बोलणं अर्धं सोडून विचारत, कवेलू फोडणारी बाई ती हीच का. मी हो म्हणायचो आणि बोलणं सागाच्या गोलाईवर न्यायचो.

मग मोहाचे दिवस आले. एका पहाटे वळणावर सायकल वळवली, तर झाडाखाली अस्वल. फुलं खाता खाता ते मागच्या पायांवर उभं झालं. सायकल टाकून मी रिव्हॉल्वर काढलं आणि नुसता चाप ओढला. गोळी माझ्याच पुढच्या मातीत गेली. आवाजानं ते बिचकलं आणि झुडपात शिरलं.

घरी येऊन मी सांगितलं की अस्वलाला पळवून लावलं. तिनं रिव्हॉल्वर उघडून पाहिलं.

"घोडा चढवला होता का?"

"वेळ कुठी होता?"

"मंग वेळ नसन तवाच कामी येणारं घ्या ना. हे नाई."

तांब्यातलं पाणी मला देताना तिचा हात थरथरत होता. त्या हाताकडे पाहूनही माझ्या मनात आलं ते एवढंच, की चाप ओढताना मात्र हा थरथरत नाही.

पुढच्या वेळी आम्ही नागपूरला गेलो, हत्यार बदलून घ्यायला. दुकानदारानं मला नमस्कार केला आणि बत्तीसचं तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते बाजूला सारलं.

"चालवणार हे हायत. माह्या हातावर नोका जाऊ."

तिनं एकेक हत्यार हातात देऊन मला डोळे मिटायला लावले. हात सहज जाईल तसा उचला म्हणाली, मग डोळे उघडा. माशी खिळ्यावर आहे का विचारलं. मधल्या अडतीसची तशी होती. फक्त माझी करंगळी मुठीखाली लोंबत होती, ते तिनं पाहिलं आणि लाकडाची मोठी मूठ बसवता येईल का, असं दुकानदाराला विचारलं. त्यानं बसवून दिली. मग मी नुसता चाप ओढला, आणि माशी जेमतेम हलली.

माझा हात मला तिशीपर्यंत कळला नव्हता, तो तिला कळला होता. लोक म्हणतील यात सुख मानायचं. मला येताना मोटारीत तिच्याशी बोलवेना.

अडतीसनं माझा नेम सुधारला. कवेलू फुटू लागले. तीही त्याच हत्यारानं मारायची, माझ्या मापाची मूठ तिच्या पंज्यात मावत नसताना, आणि माझ्यापेक्षा बरं मारायची.

त्या हिवाळ्यात चांद्याला नेमबाजीची चढाओढ भरली. बायकांना त्यात घेत नव्हते. हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं, आणि मी नाव दिलं. कधी नव्हे ते मी चांगलं मारलं. तिसरा आलो. पहिला आला तो पोलिसातला एक सडपातळ जवान.

घरी पोचलो तेव्हा ती सूप घेऊन धान पाखडत होती. मी तिसरा आलो म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. तिनं सूप खाली ठेवलं, मला बसायला पाट दिला आणि विचारलं, पहिला आला तो कसा मारत होता?

मी म्हणालो, आपला नेहमीसारखा. तिचं समाधान होईना. चाप झटक्यानं ओढत होता की दाबत नेत होता? बार झाल्यावर बोट लगेच काढत होता का? पाय कसे ठेवले होते? तिनं तो माणूस पाहिला नव्हता, तरी त्याच्याबद्दल विचारताना तिच्या डोळ्यांत अशी ओढ होती, जशी माझ्याकडे पाहताना मी कधी पाहिली नव्हती. आता मला त्या जवानाचाही राग येऊ लागला.

"उभं राहून दाखवा ना," ती म्हणाली.

शेवटी मी अंगणात उभा राहिलो, पाय फाकवले, खांदा वळवला, आणि तो करत होता तसं बोट सावकाश मागं नेलं. ती माझ्याभोवती फिरून पाहत होती. पाहून झाल्यावर ती माझ्या शेजारी तशीच उभी राहिली आणि रिकामा हात नेम धरल्यासारखा पुढं केला.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली, आणि मी पुन्हा दाखवलं.