एक्केचाळीस बाकी आहेत

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा टाकायच्या निमित्तानं उठून जाते. कॉम्प्युटरवर काम करणारी बाई मी... एखादी गोष्ट का घडली ते लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतः ठेवलेल्या नोंदींत, सापडत नसेल, तर तुम्ही लॉग नीट वाचला नाही, एवढीच माझी श्रद्धा. तरी हे लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून थकले.

आम्ही झाशीचे मराठी. बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर, बरीच वर्षं बरुआसागरच्या बाजूच्या एका छोट्या स्टेशनावर. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पॅसेंजरनं जायची. डब्यात पोळी आणि भरली वांगी, टेबलावर काळा फोन. गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनचा मास्तर त्याच्याकडच्या कागदावरचा दोन आकडी नंबर सांगायचा — प्रायव्हेट नंबर. तो मिळाला की लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा रूळ मोकळा. बाबा तो वहीत लिहायचे, मोठ्यानं परत म्हणायचे, आणि मगच सिग्नल. ड्रायव्हर कितीही भोंगा वाजवो! "हां जी, नंबर बोलिए," हा त्यांचा आवाज आठवला की अजून गलबलून येतं.

शेवटची दोन वर्षं बाबांना काही आठवत नव्हतं. मलाही ते "बहनजी" म्हणायचे. ओरछा गेटजवळच्या आमच्या घरात, कूलरसमोरच्या खुर्चीत बसून असायचे, आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन.

बिजौलीतल्या एका छोट्या कंपनीसाठी मी काम करते. कारखान्यांतल्या मशिनी चालवणारं सॉफ्टवेअर. तयार झालेलं प्रत्येक व्हर्जन आम्ही एका सर्व्हरवर साठवतो, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. तो सर्व्हर एकच होता. तो गेला तर माझं दहा वर्षांचं काम गेलं, आणि त्यावर चालणाऱ्या मशिनीही कधीतरी ठप्प. म्हणून मी दुसरा उभा केला. पहिल्यावरचं सगळं आपोआप दुसऱ्यावर उतरायचं, आणि पहिला बंद पडला की दुसऱ्यानं आपणहून कारभार हातात घ्यायचा.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चाचणी घेतली. बिजौलीच्या ऑफिसात तिवारी भैया होते, आमचे सर्व्हर सांभाळणारे. त्यांनी पहिल्याची केबल काढली. अर्ध्या मिनिटात दुसरा सुरू! स्क्रीनवर सगळं हिरवं. मी खुर्चीतच नाचले. आता पहिल्याची डिस्क पुसायची, आणि तो कोरा करून राखीव म्हणून लावायचा, एवढंच बाकी.

"दीदी, पोंछ दें?" फोनवर तिवारी भैया.

मी "हां" म्हणणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. ड्यूटीवरचा, खणखणीत.

"रुको. एक्केचाळीस बाकी आहेत. लाइन क्लिअर देऊ नको, बेटा."

मी वळून पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते — स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे. दोन वर्षांत मला कोणी बेटा म्हटलं नव्हतं.

"भैया, थांबा... रुकिए अभी," मी फोनवर म्हटलं.

केबल परत लावून घेतली आणि दोन्हीकडच्या फाइल्स एकेक करून मोजायला बसले. अगदी सुरुवातीच्या दिवसांत मी काही व्हर्जन्स हातानं टाकली होती, यादीत नोंद न करता. कॉपी यादीवरून होत होती. म्हणून स्क्रीन हिरवी, आणि त्या फाइल्स मात्र फक्त जुन्या डिस्कवर. त्यांचा मूळ कोड माझ्या बिघडलेल्या जुन्या लॅपटॉपबरोबर कधीच गेलेला. मी तीनदा मोजल्या. एक्केचाळीस.

धावत बाबांकडे गेले. "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"बहनजी, पानी मिलेगा?" ते म्हणाले.

योगायोग म्हणा. जुन्या वहीतला एखादा नंबर जिभेवर आला असेल, म्हणा. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं, पटलं नाही. तो आकडा तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हता, मलासुद्धा नाही. लॉग शंभरदा वाचलाय. त्यात बाबा नाहीत.

दिवाळीच्या आधी बाबा गेले. त्या एक्केचाळीस फाइल्स आता दोन्ही सर्व्हरवर आहेत, रोज तपासते. आणि मला बेटा म्हणणारा तो आवाज... त्या दुपारी फोनवर रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं मला सुचलं नाही.